उमेदवार निवडताना : ध्येय आणि अनुभव
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



उमेदवार ठरविण्याची वेळ आली की आपल्या समित्यांत दोन सूर निघतात. एक म्हणतो, ध्येयवादी, तडफदार, नव्या दमाचा माणूस द्या. दुसरा म्हणतो, विधिमंडळाचे कामकाज जाणणारा, नोकरशाहीशी झुंजलेला माणूसच हवा. नुसत्या घोषणांनी गावाला पाणी मिळत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. दोन्हींच्या आड कधीकधी निव्वळ गटबाजी दडलेली असते, हेही आपण एकमेकांपासून लपवू नये.

केरळचा दाखला घेऊ. २०२१ च्या विधानसभा निवडणुकीत तेथील मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने लागोपाठ दोनदा निवडून आलेल्या आमदारांना पुन्हा उभे न करण्याचे ठरविले. या निर्णयाने विद्यमान मंत्रीही वगळले गेले. त्यांत अर्थमंत्री थॉमस आयझॅक होते. १९९६ साली राज्याच्या योजनाखर्चाचा ३५ ते ४० टक्के वाटा पंचायती-नगरपालिकांकडे सोपविणारी लोकयोजना सुरू झाली, तिच्या शिल्पकारांपैकी ते एक. तरीही डाव्या आघाडीने १४० पैकी ९९ जागा जिंकल्या. सत्तारूढ आघाडी पुन्हा निवडून येण्याची चार दशकांतील ती पहिलीच वेळ होती. आमदारकी ही कोणाची वतनदारी नव्हे, हे तत्त्व जनतेने मान्य केले असे मी समजतो.

परंतु मे महिन्यातील मंत्रिमंडळाची गोष्ट निराळी. मुख्यमंत्री पिनरायी विजयन वगळता पक्षाचे सर्व जुने मंत्री दूर झाले. त्यांत आरोग्यमंत्री के. के. शैलजा होत्या. २०१८ च्या निपा साथीत आणि नंतर कोरोनात त्यांनी केलेले काम सर्वज्ञात आहे. मट्टन्नूरमधून त्या ६०,९६३ मतांच्या आघाडीने निवडून आल्या होत्या. कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना हा बदल झाला. नियम सर्वांना, मग एकाला अपवाद का, हा प्रश्न कार्यकर्त्यांना पडला तर त्यांना व्यक्तिपूजक ठरवून गप्प करता येणार नाही. अपवाद करणे गैर नाही. त्याचे कारण सभासदांपुढे मांडले पाहिजे.

मात्र ज्यांना अनुभवाचे फार कौतुक आहे त्यांनी एक ध्यानात घ्यावे. २०१६ साली आरोग्य खाते हाती आले तेव्हा या शाळाशिक्षिकेच्या पाठीशी मंत्रिपदाचा अनुभव नव्हता. संघटनेत काढलेली वर्षे आणि मागच्या आमदारक्या, एवढीच शिदोरी होती. तेव्हा कोणी ‘अनुभवीच हवा’ असा हट्ट धरला असता तर?

उलट, नवे चेहरे पुढे करण्यानेच काम भागत नाही. २०२१ मध्येच पश्चिम बंगालमध्ये मीनाक्षी मुखर्जी, ऐशी घोष, दीप्सिता धर असे तरुण उमेदवार उभे राहिले. त्यांच्या निष्ठेविषयी शंका नाही. पण डाव्यांना विधानसभेत एकही जागा मिळाली नाही. गावागावांतील संघटना खचलेली असेल तर एकटा उमेदवार ती भरून काढू शकत नाही. २०२४ च्या लोकसभेत केरळातून आघाडीचे एकटे के. राधाकृष्णन अलत्तूरहून विजयी झाले. ते १९९६ मध्येच मंत्री झालेले जुने कार्यकर्ते; अनुभव जिंकला असे वाटेल, पण शैलजा वडकऱ्यात आणि आयझॅक पत्तनंतिट्ट्यात पराभूत झाले, तेही अनुभवीच होते!

आपल्याकडे डहाणूत २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये विनोद निकोले निवडून आले. तो मुलूख १९४५ च्या वारली लढ्याचा. शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी किसान सभा उभी केली तो. तेथे वनहक्काचा दावा अडला की आदिवासी शेतकरी ज्याच्याकडे जातो, ज्याच्याबरोबर मोर्चात चालतो, त्याचेच नाव समितीपुढे येते. म्हणून माझी जिल्हा समित्यांना सूचना आहे : नाव सुचविणाऱ्याने त्या माणसाने गेल्या पाच वर्षांत कोणता लढा चालविला, कोणते काम तडीस नेले आणि कोठे चुकला, हे लेखी द्यावे. आणि दोन मुदती संपणाऱ्या प्रतिनिधीने आपली जागा घेणारा कार्यकर्ता दुसऱ्या मुदतीच्या आरंभीच आपल्या सोबत कामाला घ्यावा.