थेट प्रक्षेपण आणि कॅमेरामन
(वार्षिक संमेलनातील भाषण)



तरुणांपुढील व्यवसायांविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली. ज्या व्यवसायात आमचे आयुष्य गेले, त्याविषयीच बोलणे उचित होय. क्रिकेट सामन्यांच्या थेट प्रक्षेपणाचा कॅमेरा चालविणे हे आमचे काम.

चित्रपटातील दृश्य बिघडल्यास पुन्हा घेता येते. मैदानावर ती सोय नाही. कानांत दिग्दर्शकाच्या सूचना चालू असतात. एका हाताने दृश्य जवळ-दूर करावयाचे, दुसऱ्याने ते सुस्पष्ट राखावयाचे आणि उंच टोलविलेला चेंडू आकाशात हरवू द्यावयाचा नाही. षटकार गेला म्हणजे सारे मैदान नाचते; आमचा हात मात्र हलता कामा नये.

या कामाचे मोल दोन प्रसंगांवरून कळेल. १८ जून १९८३ रोजी टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध भारताचे पाच गडी अवघ्या १७ धावांत बाद झाले असता कपिल देव यांनी नाबाद १७५ धावा केल्या. त्या डावाचे दूरदर्शन-चित्रण झालेच नाही. म्हणून तो पराक्रम आज केवळ ऐकावा व वाचावा लागतो. उलट, नोव्हेंबर १९९२ मध्ये डरबन कसोटीत आपले सचिन तेंडुलकर धावचीत ठरले, ते तिसऱ्या पंचांनी पडद्यावरील दृश्य पाहून दिलेल्या निर्णयाने. कसोटीत अशा रीतीने बाद झालेले ते पहिलेच फलंदाज. पंचांचे नाव इतिहासात राहिले. ते दृश्य टिपणाऱ्याचे नाव कोण विचारतो? तथापि त्या क्षणी खरा साक्षीदार तोच होता. साक्षीदाराने आपला संघ, परका संघ असा भेद करू नये, हाच या व्यवसायाचा धर्म होय.

पालकांस एवढेच सांगणे की, हा मार्ग सुखाचा नाही. पुष्कळांना रोजावर काम करावे लागते. हंगाम सरला की हात रिकामे. दिवाळीस घरचे पान मांडलेले असते आणि आपण परगावी उन्हात उभे असतो. हे सारे जाणून ज्या मुलास वा मुलीस या कामाची ओढ वाटेल, तिला अडवू नये. परंतु पडद्यावर आपले नाव झळकावे अशी ज्याची इच्छा असेल, त्याने दुसरा व्यवसाय पाहावा. येथे नाव चेंडू मारणाऱ्याचे. आपल्या वाट्यास येते ते फक्त चोख काम केल्याचे समाधान. आम्हांस ते पुरले.