बिल ऑफ लेडिंगची मागची बाजू



सागरी वाहतुकीचे दावे हा मुंबईच्या फोर्टमधल्या वकिलांचा प्रांत, असे आपण शिरूर-दौंडचे वकील धरून चालतो. पण रांजणगाव आणि कुरकुंभचा माल न्हावा-शेवामार्गे परदेशी जातो, आपल्या भागातला कांदा जातो, डाळिंब जाते. नुकसान होते तेव्हा माणूस पहिल्यांदा येतो तो तालुक्याच्या वकिलाकडेच. बहुतेक वेळा उशिराच येतो.

समजा, कांद्याचा कंटेनर परदेशी बंदरात सडलेला निघाला. निर्यातदार वर्षभर ईमेल करत राहतो, जहाज कंपनीचा एजंट ‘चौकशी चालू आहे’ एवढेच कळवतो. मुदत कायद्याप्रमाणे आपल्याला तीन वर्षे आहेत, या भरवशावर सगळे निवांत असतात. सागरी माल वाहतुकीच्या 1925च्या कायद्यात मात्र मुदत एकच वर्षाची होती, आणि 2025च्या नव्या कायद्यानेही ती कायम ठेवली. वर्ष मोजायचे ते माल मिळाल्यापासून किंवा मिळायला हवा होता त्या दिवसापासून. ते उलटले की नुसता दावा अडत नाही, हक्कच संपतो. सर्वोच्च न्यायालयाने 1960 सालीच हे स्पष्ट केले आहे. वाटाघाटी चालू आहेत म्हणून घड्याळ थांबत नाही. मुदतवाढ हवी असेल तर ती वाहतूकदाराकडून लेखी घ्या, आणि वर्ष संपायच्या आत घ्या.

दुसरी अडचण बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे जहाज कंपनी देते त्या मालाच्या पावतीच्या, मागच्या बाजूला, भिंगाशिवाय न वाचता येणाऱ्या छपाईत असते. दावा कुठे चालणार? कुणाचे लंडन, कुणाचे हॅम्बुर्ग, कुणाचे मार्सेय. एका प्रकरणात आफ्रिकेतून कोचीला आलेल्या काजूत तूट आली आणि दावा कोचीत दाखल झाला. बिलात इंग्लंडच्या न्यायालयाची अट होती. 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट मानली आणि कोचीच्या न्यायालयाला अधिकार नाही, असा निकाल दिला. पुण्यात दावा लावून वर्ष गेले आणि मग अधिकारक्षेत्राचा आक्षेप मान्य झाला, तर लंडनला जाईपर्यंत तिथली मुदत संपलेली असू शकते. म्हणून ही दोन कलमे एकत्रच वाचली पाहिजेत.

आता ज्याच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही, ते सांगतो. 1993चा बहुविध माल वाहतूक कायदा. रांजणगावच्या कारखान्यातून ट्रकने, पुढे जहाजाने, असा सगळा प्रवास एकाच करारात आणि त्या कायद्याखालच्या दस्तऐवजावर झाला, तर माल ताब्यात घेतला त्या ठिकाणच्या सक्षम न्यायालयातही दावा लावता येतो. म्हणजे दावा आपल्या पुणे जिल्ह्यात! मात्र मुदत नऊच महिने. माझ्या मते लहान निर्यातदाराला हा सौदा परवडणारा आहे. लंडनच्या बारा महिन्यांपेक्षा घरचे नऊ महिने जास्त कामाचे. तेव्हा बंदर ते बंदर असे बिल हातात पडण्याआधीच, कोणता दस्तऐवज मिळणार हे विचारायला अशिलाला शिकवा.

जहाज अटकेचा उपायही विसरू नका. 1984 मध्ये ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ बिल ऑफ लेडिंग न देताच मार्मागोव्याहून निघून गेले. गोव्याच्या कंपनीने ते पुढे विशाखापट्टणमला अडकवले, आणि परदेशी जहाजावर आपल्या उच्च न्यायालयाचा अधिकार चालतो, हे 1992 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. 2017च्या नौ-अधिकरण कायद्याने तो अधिकार आणखी पक्का केला.

माझी एकच विनंती आहे. माल खराब निघाल्याचे कळले की त्याच दिवशी सर्व्हेअर नेमायला सांगा, वाहतूकदाराला लेखी कळवा आणि बिलाची दोन्ही बाजूंची प्रत मागून घ्या. फाइलच्या पहिल्या पानावर मुदत संपण्याची तारीख लिहा, आणि बहुविध दस्तऐवज असेल तर ती नऊ महिन्यांची लिहा.