अभ्यासात मागे पडणारे मूल आणि आपले कर्तव्य

(विश्वकर्मा जयंतीनिमित्त भरलेल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



माघ शुद्ध त्रयोदशीच्या या मंगल दिवशी आपण सर्व सुतारबंधू सहकुटुंब एकत्र जमतो, प्रभू विश्वकर्म्याचे पूजन करतो आणि आपल्या गुणी मुलांचा गौरव करतो, ही प्रथा अत्यंत स्तुत्य होय. थोड्याच वेळापूर्वी याच व्यासपीठावर दहावी-बारावीच्या परीक्षांत उज्ज्वल यश मिळविलेल्या मुलामुलींना श्रीफळ व पारितोषिके देण्यात आली. त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु ज्यांची नावे या व्यासपीठावरून कधीच पुकारली जात नाहीत, आणि ज्यांचे आईबाप या समारंभास येण्याचेही टाळतात, अशीही मुले आपल्या घराघरांतून आहेत. त्यांच्याविषयी बोलण्याची अनुज्ञा अध्यक्ष महाशयांनी दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

आम्ही वैद्य नव्हे, की मानसशास्त्राचे पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली आणि उमेदीची सर्व वर्षे प्राथमिक शाळेत घालविली, एवढाच आमचा अधिकार. म्हणून उपदेशास आरंभ करण्यापूर्वी आमच्या हातून घडलेली एक चूक आपणांपुढे मांडतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या चौथीच्या वर्गात आपल्याच ज्ञातीतील एक मुलगा होता. तोंडी प्रश्न विचारला असता त्याचे उत्तर सर्वांच्या आधी येई. गोष्ट एकदा ऐकली की ती तो जशीच्या तशी सांगे. परंतु पुस्तक हाती दिले की त्याची जीभ जड होई. 'घर' हा शब्द तो 'धर' असा वाची, 'भात' यास 'मात' म्हणे, जोडाक्षर आले की तेथेच अडे. शुद्धलेखनाच्या वहीत एकाच पानावर एकाच शब्दाची तीन निरनिराळी रूपे आढळत. ज्यास तोंडी सर्व येते त्यास लिहितावाचता न येणे हा निव्वळ आळस होय, अशी आमची समजूत झाली. आम्ही त्यास छड्या मारल्या, शंभर शंभर ओळी लिहावयास लावल्या, सर्व वर्गासमक्ष 'ढ' म्हटले. त्याचे वडील भेटावयास आले तेव्हा 'घरी जरा धाक ठेवा' असा सल्ला दिला, आणि त्यांनी तो तंतोतंत पाळला. सातवीनंतर मुलाने शाळा सोडली.

आम्ही निवृत्त झाल्यावर एका लग्नकार्यात तो भेटला. आज त्याचा स्वतःचा लाकूडकामाचा कारखाना आहे. वाकून नमस्कार करून तो म्हणाला, "गुरुजी, मी घरी रोज पुस्तक घेऊन बसत होतो. पण आज वाचलेला शब्द उद्या पाहिला की नवाच वाटायचा. तुम्हांला ते कसं सांगावं, हे मला कळत नव्हतं." गिऱ्हाइकाची यादी आजही त्याची पत्नी त्यास वाचून दाखविते. मोठ्या कामाच्या निविदा भरण्याचे धाडस त्याने कधी केले नाही. त्याच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर आम्हांस अधिक बरे वाटले असते.

एवढे होऊनही आमचे डोळे पुरते उघडले नव्हते. आमचा नातू तिसरीत गेला तेव्हा शाळेतून तक्रारी येऊ लागल्या. जागेवर बसत नाही, फळ्यावरचे अर्धेच उतरवितो, कंपास, डबा, वही, काही ना काही रोज हरवून येतो. घरातही तोच प्रकार. पाणी आणावयास पाठविले तर वाटेत मांजर दिसे आणि पाणी राहून जाई. आम्ही सर्वांनी मिळून दोष सूनबाईंच्या माथी मारला. आई नोकरीस जाते, मुलाच्या हाती मोबाईल देते, मग दुसरे काय होणार, असे आम्ही स्वतः बोललो. एके दिवशी त्यास वाचावयास बसविले आणि त्याने 'घर' ऐवजी 'धर' म्हटले, तेव्हा चौथीच्या वर्गातील तो जुना मुलगा आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

मग मात्र विलंब केला नाही. प्रथम डोळे आणि कान तपासून घेतले, कारण ऐकण्यात किंवा दिसण्यात उणीव असली तरी मूल असेच मागे पडते. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षिका यांच्याकडून क्रमाने तपासणी झाली. बुद्धी उत्तम, परंतु वाचन-लेखनाची अक्षमता आणि अवधान टिकविण्याची अडचण, अशा दोन्ही गोष्टी एकत्र आहेत, असा निष्कर्ष निघाला. या दोन्ही एकाच मुलात आढळणे विरळा नाही, असेही कळले. पहिलीस इंग्रजीत डिस्लेक्सिया आणि दुसरीस थोडक्यात एडीएचडी असे म्हणतात. तपासणीच्या वेळी आमचे चिरंजीव हळूच म्हणाले, "लहानपणी माझंही असंच होत असे." मास्तरांच्या पोटच्या मुलाचे हे दुःख मास्तरांस तीस वर्षे ठाऊक नव्हते!

कोणी म्हणतील, ही सर्व आजकालची थेरे आहेत, आमच्या वेळी असले काही नव्हते. वस्तुतः १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टराने, सर्व दृष्टींनी हुशार असूनही वाचता न येणाऱ्या चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली होती. जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी १९०२ साली लंडनमध्ये व्याख्याने देऊन, बुद्धी शाबूत असूनही मन आवरता न येणाऱ्या मुलांचे वर्णन केले. म्हणजे ही मुले पूर्वीही होती. आपल्या वाडवडिलांस ती दिसली नाहीत, याचे कारण आपल्या धंद्यातच आहे. मूल दहा वर्षांचे झाले की ते बापाच्या हाताखाली जाई. रंधा, पटाशी आणि गुण्या चालविण्यास वाचनाची गरज पडत नसे, आणि दिवसभर हालचाल करणाऱ्या मुलास कोणी चंचल म्हणत नसे. आज कारखान्यातील यंत्राची माहितीही कागदावर येते. काळ बदलला, म्हणून अडचण दृष्टीस पडू लागली.

याचा कोणी असा अर्थ काढू नये की, मुलाचा हात चांगला आहे, तेव्हा त्यास शाळेतून काढून धंद्यास लावावे. हात चांगला असणे ही ईश्वराची देणगी खरी. परंतु ज्यास वाचता येत नाही त्यास जन्मभर दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावे लागते. धंदा त्याने आपल्या इच्छेने निवडावा; वाचता येत नाही म्हणून नाइलाजाने पत्करू नये.

ही अडचण कशामुळे उद्भवते, याविषयी तज्ज्ञांचे सांगणे असे की, ती मेंदूच्या वाढीतील जन्मजात भिन्नतेमुळे येते आणि पुष्कळदा घराण्यातून उतरते. आईने लाड केले, गरोदरपणी ग्रहण पाहिले, कोणाची दृष्ट लागली, यांपैकी एकाही गोष्टीचा तिच्याशी संबंध नाही. मोबाईलचा अतिरेक वाईटच; पण तो बंद केल्याने डिस्लेक्सिया जात नाही. गंडेदोरे बांधण्यात जे महिने जातात ते मुलाच्या शिक्षणातून वजा होतात.

पालकांनी ओळखावे कसे? पहिली-दुसरीच्या मुलाने 'घ' आणि 'ध' यांत गोंधळ करणे स्वाभाविक आहे. त्याने घाबरून जाऊ नये. परंतु तिसरीतही वाचन अक्षरे जुळवीत अडखळत होत असेल, काना-मात्रा-वेलांटी सतत चुकत असेल, फळ्यावरून उतरविण्यास इतरांच्या दुप्पट वेळ लागत असेल, आणि तोंडी उत्तर मात्र बरोबर येत असेल, तर तपासणी करून घ्यावी. तिसरीत किंवा आठव्या वर्षी शाळेने मुलांची प्राथमिक चाचणी घ्यावी, असे केंद्र सरकारच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांतही म्हटले आहे. चंचलतेच्या बाबतीत, ती घरी आणि शाळेत अशी दोन्हीकडे दिसते काय, सहा महिन्यांहून अधिक काळ टिकली आहे काय, आणि बारा वर्षांच्या आधीपासून आहे काय, हे डॉक्टर पाहतात. केवळ शेजारणीच्या सांगण्यावरून कोणत्याही मुलावर हा शिक्का मारू नये.

आता घरी काय करावे, हे आमच्या अनुभवातून सांगतो. एका वेळी एकच काम सांगावे, तेही मुलाच्या जवळ जाऊन, त्याच्या डोळ्यांत पाहून. 'हातपाय धू, दप्तर भर आणि अभ्यासास बस' अशी तीन कामे एकदम सांगितली तर त्यांतले शेवटचेही त्याच्या ध्यानी राहात नाही. अभ्यास सलग दोन तास न घेता दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करावे आणि मध्ये त्यास उठू द्यावे. अक्षरे ताटातील रव्यावर बोटाने गिरवून घ्यावी आणि गिरविताना मोठ्याने उच्चारून घ्यावी. जोडाक्षर फोडून दाखवावे. पुढच्या इयत्तेचा धडा त्यास वाचून दाखवावा, म्हणजे वाचन मागे राहिले तरी ज्ञान मागे राहात नाही. चांगले केले की त्याच क्षणी शाबासकी द्यावी. महिन्याअखेर सायकल देण्याचे आश्वासन अशा मुलाच्या उपयोगी पडत नाही. जेवण, झोप आणि अभ्यास यांच्या वेळा ठरलेल्या असाव्या. अवधानासाठी डॉक्टरांनी औषध सुचविले तर त्यास भिऊ नये, आणि डॉक्टरांस न विचारता ते सुरू वा बंदही करू नये. वाचनाच्या अक्षमतेवर मात्र गोळी नाही. तेथे शिकविणे हाच उपाय.

आणि मारू नये. लाकडाच्या रेषेविरुद्ध रंधा चालविला तर लाकूड सोलवटून निघते, हे आपणांस आम्ही सांगावयास नको. तेथे कारागीर जोर वाढवीत नाही. फळी फिरवून घेतो. शिवाय शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे.

कायद्याचा आणखी एक आधार आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ सालच्या कायद्यात ज्या २१ प्रकारांचा समावेश झाला, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता हा एक आहे. अधिकृत प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. परंतु आपल्यातील कित्येक पालक हे प्रमाणपत्र घेत नाहीत, कारण त्यावर 'दिव्यांग' हा शब्द असतो आणि उद्या वधूवर मेळाव्यात कोणी विचारील, अशी त्यांस धास्ती वाटते. मुलगी असेल तर ही धास्ती दुप्पट. 'तारे जमीं पर' हा चित्रपट २००७ साली आला, तेव्हा आपण सर्वांनी थिएटरात डोळे पुसले. घरी येऊन पोराच्या वहीवरील लाल खुणा पाहिल्या आणि हात उगारला. पडद्यावरच्या मुलाविषयी जी दया वाटते ती स्वतःच्या मुलाविषयी वाटावी, एवढीच आमची विनंती आहे.

आमचा नातू आता सातवीत आहे. तो वर्गात पहिला येत नाही, येण्याची चिन्हेही नाहीत. परंतु गेल्या दिवाळीत त्याने एक संपूर्ण गोष्ट, सावकाश का होईना, स्वतः वाचून आम्हांस ऐकविली. तीस पाऊण तास लागला. सूनबाई दाराशी उभ्या होत्या. आम्ही त्यांची क्षमा मागितली.

अखेरीस मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, प्रत्येक विभागातील एका निवृत्त शिक्षकाने अशा मुलांच्या पालकांसोबत शाळेत व रुग्णालयात जाण्याचे काम पत्करावे. एकट्या आईस ते फेरे जड जातात. आमचे नाव पहिले लिहून घ्यावे. दुसरी, विशेष शिक्षकांचे शुल्क ज्यांस परवडत नाही, अशांसाठी शिष्यवृत्तीच्या निधीतील काही भाग राखून ठेवावा. तिसरी, पुढील वर्षापासून गुणगौरवाच्या यादीत, अडचणीवर मात करून वरच्या इयत्तेत गेलेल्या मुलांचाही समावेश व्हावा. मात्र ते नाव मूल आणि पालक यांच्या संमतीनेच पुकारावे.

ज्या मुलास आम्ही छड्या मारल्या त्याचे शाळेतील दिवस आम्हांस परत देता येणार नाहीत. आपल्या घरातील मुलांचे दिवस मात्र अद्याप आपल्या हाती आहेत. त्यांचा योग्य उपयोग करण्याची सद्बुद्धी प्रभू विश्वकर्मा आपणा सर्वांस देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.