उद्योगसंघातील मताधिकार



ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत बागायतदार आणि भूमिहीन शेतमजूर यांच्या मताचे मोल सारखेच असते. परंतु ज्या संस्थेचे सभासद व्यक्ती नसून कंपन्या असतात, तेथे मते किती द्यावयाची आणि कंपनीच्या वतीने ती कोणी द्यावयाची, असे दोन प्रश्न उभे राहतात. उद्योजकांच्या संघटनांमध्ये अनेक तंटे या प्रश्नांची उत्तरे आधी लिहून न ठेवल्यामुळे उद्भवतात.

मताधिकाराच्या दोन परंपरा आपल्याकडे रूढ आहेत. भागभांडवलाच्या कंपनीत मतमोजणी मागितली गेल्यास, सामान्यतः ज्याचे समभाग अधिक त्याची मते अधिक. सहकारात याच्या उलट आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथील विणकरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८४४ मध्ये जी परंपरा घालून दिली, तिचे सूत्र ‘एक सभासद, एक मत’ हे होय. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २७ मध्ये हेच सूत्र स्वीकारण्यात आले असून मत स्वतः उपस्थित राहून द्यावे, असा सर्वसाधारण नियम आहे.

उद्योगसंघ या दोहोंपेक्षा निराळा असतो. त्याला नफा वाटावयाचा नसतो. सर्वांची गाऱ्हाणी शासनापुढे मांडणे व सामाईक सोयी उभारणे हे त्याचे कार्य. म्हणून त्याच्या मताधिकाराचा विचार एका उदाहरणाने करणे बरे.

समजा, एका औद्योगिक वसाहतीच्या संघात ५७ लहान व ३ मोठे कारखाने आहेत. लहानांची वार्षिक वर्गणी १,००० रुपये, मोठ्यांची १९,००० रुपये. म्हणजे दोन्ही गटांकडून ५७,००० रुपयेच जमा होतात. दर हजार रुपयांस एक मत दिले, तर तिघा मोठ्यांनी एक लहान कारखाना आपल्या बाजूस वळविला की बहुमत त्यांचे झाले; उरलेले ५६ नावापुरते सभासद राहतात. उलट, प्रत्येकास एकच मत दिले, तर सांडपाणी शुद्धीकरणासाठी खास वर्गणी बसविण्याचा ठराव ५७ जण करतील आणि भार मात्र तिघांवर टाकतील. मग मोठे कारखाने संघ सोडून जातील व संघाच्या शब्दाचे वजनही घटेल.

यावर मध्यम मार्ग आहे. मते वर्गणीच्या पायऱ्यांनुसार द्यावीत, पण त्यांवर मर्यादा घालावी. वरील संघात कोणासही पाचांहून अधिक मते नाहीत असे ठरविले, तर एकूण ७२ मतांपैकी मोठ्यांकडे १५, म्हणजे सुमारे एकपंचमांश मते राहतील. शिवाय खास वर्गणीच्या ठरावास दोन्ही गटांची स्वतंत्र संमती आवश्यक करावी. त्यामुळे लहानांचा आवाज दबत नाही व मोठ्यांचा पैसाही परस्पर खर्च होत नाही.

आता मत कोणी द्यावयाचे हे पाहू. कंपनीने संचालक मंडळाचा ठराव करून प्रतिनिधीचे नाव ठरलेल्या मुदतीत लेखी कळवावे, असा नियम असावा. एरवी मतदानाच्या दिवशी एकाच कारखान्याचे दोन अधिकारी समोर उभे राहतात. त्याचप्रमाणे एका मालकाच्या चार कंपन्या असल्या, तर कायद्याच्या दृष्टीने त्या चार स्वतंत्र व्यक्ती ठरतात. त्यांना मिळून किती मते, हे नियमावलीनेच सांगितले पाहिजे.

थकबाकीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १५ प्रमाणे वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली असल्यास मत देता येत नाही. नियम रास्त आहे. मात्र यादी आदल्या दिवशी तयार झाली, तर विरोधकांस वगळण्याचे ते साधन बनते. यादी आगाऊ प्रसिद्ध करून हरकतींस पुरेसा अवधी देणे हाच यावरील उपाय होय. याच अधिनियमाच्या कलम १२ नुसार संस्थेचे उद्दिष्ट बदलावयाचे असेल, तर तीनपंचमांश मते लागतात आणि महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन तेवढ्याच बहुमताने ठराव कायम करावा लागतो. घाईला आवर घालणारी ही तरतूद अनेक संघांच्या पदाधिकाऱ्यांना ठाऊक नसते.

बहुमतालाही सीमा आहेत, हे विसरता कामा नये. सर्व सभासदांनी एकमताने मालाचे दर ठरविले, तरी स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ खाली तो निर्णय आक्षेपार्ह ठरू शकतो. सभेची संमती म्हणजे कायद्याची संमती नव्हे.

ज्या गावांच्या हद्दीत औद्योगिक वसाहती आहेत, तेथील पंचायत सदस्यांचा व अधिकाऱ्यांचा अशा संघांशी नित्य संबंध येतो. पाणी, रस्ता वा सांडपाणी यांविषयी संघाचा ठराव समोर आला, म्हणजे तो कोणत्या मतांनी संमत झाला हे त्यांनी अवश्य विचारावे. ज्या ठरावामागे लहान कारखानदाराचेही मत आहे, तोच साऱ्या वसाहतीचा ठराव मानता येईल.