पडद्यावरचा पाटील, मनातला सेवादल सैनिक



निळू फुले पडद्यावर आले की आपल्या आया-मावश्या बोटं मोडायच्या. माणूस मात्र पक्का राष्ट्र सेवा दलाचा. अभिनयाची त्यांची शाळाही तीच, सेवा दलाचं कलापथक. पोटासाठी पुण्यात माळीकाम केलं, 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने नाव झालं आणि १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'ने सिनेमा मिळाला.

'सामना'तल्या साखरसम्राट हिंदुरावचा माज त्यांनी नुसत्या नजरेतून दाखवला. १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये तेच निळूभाऊ सत्तेचे डाव जवळून पाहणारे पत्रकार दिगू टिपणीस झाले. टिपणीस हे आडनाव आपल्याला घरचं. चवदार तळ्याच्या १९२७ च्या सत्याग्रहात बाबासाहेबांच्या बाजूने उभे राहिलेले सुरबानाना टिपणीस महाडचेच.

डॉ. श्रीराम लागूंसोबत 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून निळूभाऊंनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसा उभा केला. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून तो निधी. बांधिलकी भाषणात नव्हे, तिकीटविक्रीत दिसली.

माझं म्हणणं एवढंच. आपल्यात नाटकवाले आहेत. पुढच्या मेळाव्याला तिकीट लावून नाटक करू. पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतल्या मुलांसाठी राबणाऱ्या एखाद्या कार्यकर्त्याला त्यातून वर्षभराचं मानधन देऊ. निळूभाऊ २००९ मध्ये गेले; त्यांची रीत आपल्याला चालवता येईल.

पहिलं तिकीट माझं.