फोन समोर नको, बाजूला ठेवा

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या घरच्यांसाठी मी ऑनलाइन वर्ग घेते. मी स्पीच थेरपिस्ट. माहिती नंतर सांगते, आधी म्हणते, मूल जेवताना दाखवा. आणि फोन बाजूला ठेवा. समोरून गोड चेहरा दिसतो, मान किती मागे गेलीय ते कळत नाही.

आपल्याकडे मांडीवर आडवं घेऊन, मान मागे टाकून पेज भरवतात. अशा वेळी घास श्वासनलिकेकडे जाऊ शकतो. ठसका लागेलच असं नाही, बरं का! काही मुलं खोकतसुद्धा नाहीत. म्हणून जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येतोय का, ते ऐका. वारंवार छाती भरत असेल, ताप येत असेल, तर पुढच्या वर्गाची वाट बघू नका, डॉक्टरांना दाखवा.

बसवायचं कसं? पाठीला आधार, पाय टेकलेले, हनुवटी किंचित खाली. भरवणाऱ्यानं समोर, मुलाच्या नजरेच्या उंचीवर बसायचं. उभ्यानं भरवलंत तर ते वर बघणारच. छोटा चमचा, आधीचं गिळलं की मगच पुढचा. सगळ्यांत अवघड असतं ते साधं पाणी, कारण ते तोंडात भरकन पसरतं. पण मनानं घट्ट करून पाजू नका, आधी विचारा.

आणि हो, वर्गाला आई येते, भरवते आजी! म्हणून मी आजींनाच कॅमेऱ्यासमोर बसवते. "आजी, रोजच्यासारखा एक घास भरवा बघू." मग बोलायला खरा विषय मिळतो.