न बोलता दिलेला धडा
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मंडळाने पन्नास वर्षांत काय कमावले, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितले आहे. आम्ही आज एका शिक्षकाचे स्मरण करणार आहोत.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथील छात्रालयही ते सांभाळीत. मुलांच्या खोल्यांत पसारा असे. गुरुजींनी कोणास बोल लावला नाही. ते स्वतःच खोल्या झाडीत, विसकटलेली अंथरुणे आवरीत, मळलेले कपडे धुऊन ठेवीत. मुले ओशाळली आणि हळूहळू आपली कामे आपण करू लागली.

१९३० साली गुरुजी नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. शिक्षा भोगण्यासाठी त्यांना याच तमिळ भूमीत, तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात आणले गेले. सोबतीला निरनिराळ्या दाक्षिणात्य भाषा बोलणारे सत्याग्रही होते. तेथे हा शिक्षक पुन्हा विद्यार्थी झाला. तिरुवळ्ळुवरांचे ‘कुरळ’ त्यांनी मराठीत आणले. प्रांतांनी परस्परांच्या भाषा शिकाव्यात, ही आंतरभारतीची कल्पना १९४९ च्या पुणे साहित्य संमेलनात त्यांनी मांडली, तिचे मूळ या दिवसांत आहे. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. ते कार्य अपुरे राहिले.

आता आपल्याकडे वळू. मुले मराठी वाचीत नाहीत, ही तक्रार आम्ही वडीलधारी मंडळी दर सभेत करतो. परंतु आमच्या स्वतःच्या घरी मराठी पुस्तक अखेरचे केव्हा उघडले गेले, हे आम्हांस आठवत नाही. ज्या भूमीने आम्हांला भाकर दिली तिची भाषा आम्ही बाजारहाटापुरतीच शिकलो. दुकानावरची पाटीसुद्धा नातवाकडून वाचून घेतो. दोन्हीकडे उपदेश तेवढा मुलांच्या वाट्याला आला, झाडू मात्र आम्ही हाती घेतला नाही.

म्हणून एक विनंती आहे. महिन्यातून एक संध्याकाळ या सभागृहात मुलांनी शिक्षक व्हावे आणि आम्हांला तमिळ अक्षरे गिरवायला लावावीत. त्यानंतर तासभर आम्ही त्यांच्यासमवेत मराठी पुस्तक वाचू. या वयात अक्षरे वेडीवाकडी येतील, मुले हसतील. हसू द्यावे. आजोबा चुकत चुकत शिकताहेत, हे त्यांनी पाहिले तर मराठी वाचा असे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

पहिल्या बाकावर आम्ही आमचे नाव आजच नोंदवीत आहोत.